जाळे आणि कुंपण

बोईसर स्थानकावरून पश्चिमेस समुद्राकडे गेले म्हणजे तारापूरचे अणुविद्युत केंद्र लागते. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तेथील वीज नियमितपणे पुरविली जाऊ लागली. योगायोग असा, की दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात दोन दूरच्या संस्थांमधील संगणक एकमेकांस जोडून एकाकडून दुसऱ्याकडे ‘लॉगिन’ हा शब्द पाठविण्याचा प्रयत्न झाला. ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोनच अक्षरे पोचली आणि यंत्रणा बंद पडली! आजच्या इंटरनेटचा आरंभ ह्या अडखळत्या बोलण्यात आहे.

इंटरनेट हे जाळेच होय. सातपाटीच्या कोळ्यांच्या जाळ्यात एक धागा तुटला, तरी भोवतालच्या गाठी जाळे धरून ठेवतात. संगणकांच्या जाळ्याची रचनाही अशीच असते. पालघरच्या मुलीने बोईसरच्या मामास छायाचित्र पाठविले, तर ते अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो आणि अनुक्रमही घातलेला असतो. वाटेतील राउटर नावाची यंत्रे, टपालघरात पत्रे निवडणाऱ्या कारकुनाप्रमाणे, पत्ता वाचून तुकडा पुढे धाडतात. एक वाट बंद असली तर दुसरी धरतात. बोईसर पालघरपासून अवघे बारा किलोमीटर. तरीही एखादा तुकडा मुंबईस वळसा घालून येऊ शकतो. वाटेत हरवलेला तुकडा पुन्हा मागविला जातो. मग सारे तुकडे क्रमाने जुळतात, आणि हे सर्व डोळ्याचे पाते लवते न लवते तोच!

परंतु टपालघरातील कारकून पाकीट फोडून पाहत नाही. पाठीवर मामाचे नाव आहे, म्हणून पत्र मामानेच लिहिले असे ठरत नाही. ज्या वाटेने छायाचित्र येते, त्याच वाटेने संगणक बिघडविणारी आज्ञावलीही येऊ शकते. यासाठी घरच्या संगणकास परवलीचा शब्द असतो, आणि बँकेचा मजकूर सांकेतिक रूपात धाडला जातो. वाटेत तो कोणाच्या हाती लागला, तरी त्यास उलगडत नाही.

अणुभट्टीच्या बाबतीत मात्र एवढ्याने भागत नाही. भारतातील अणुविद्युत केंद्रांची नियंत्रणव्यवस्था बाहेरच्या जाळ्यास जोडलेलीच नसते. कार्यालयीन कामाचे संगणक वेगळे, भट्टी चालविणारे वेगळे. तामिळनाडूतील कुडनकुलम येथे २०१९ साली ह्या कुंपणाची कसोटी लागली. कार्यालयीन जाळ्यातील एका संगणकात घातक आज्ञावली शिरल्याचे आढळले; पण भट्टीची यंत्रणा त्या जाळ्यापासून अलग असल्यामुळे तिला बाधा पोचली नाही.

मग कुंपण घातले की काळजी मिटली काय? इराणमधील नतान्झ येथे युरेनियमवर प्रक्रिया करणारी, अतिवेगाने फिरणारी यंत्रे होती. त्यांचे संगणकही बाहेरच्या जाळ्यापासून दूर ठेवलेले होते. तरीही ‘स्टक्सनेट’ नावाची आज्ञावली तेथे पोचली. कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून ती आत गेली असावी, असे जाणकार मानतात. २०१० साली ती उघडकीस आली. ती यंत्रांची गती गुपचूप बदलत असे. यंत्रे निकामी होत होती, आणि देखरेख करणाऱ्यांच्या पडद्यावर सारे आकडे नेहमीसारखेच दिसत होते.