हात सांभाळा, धंदा सांभाळला जाईल



गवंडी असो, रंगारी असो, चामड्याचे काम करणारा असो की मेकॅनिक, त्याची पहिली पुंजी म्हणजे त्याचे दोन हात. हत्यार मोडले तर बाजारातून दुसरे आणता येते. हाताला भेगा पडल्या की काम थांबते व रोजी बुडते. हल्ली दुकानांत 'सेरामाइडयुक्त' क्रीम दिसतात. हे सेरामाइड आहे तरी काय, ते आज आपण समजून घेऊ.

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा व त्यांच्यामधील स्निग्ध पदार्थ हा सिमेंटचा माल. या मालात वजनाने सुमारे निम्मे सेरामाइड, पाव भाग कोलेस्टेरॉल व बाकी बहुतेक मेदाम्ले असतात. माल निघून गेला की आतील ओलावा उडतो, बाहेरची रसायने आत शिरतात आणि हात फुटतात.

हा माल आपणच धुऊन टाकतो. रॉकेल व थिनर तो विरघळवतात. कडक साबण, गरम पाणी व ओले सिमेंटही त्याचा नाश करतात. म्हणून ग्रीस किंवा रंग काढण्यासाठी हाताला खाद्यतेल चोळावे, फडक्याने पुसावे, मग सौम्य साबणाने व कोमट पाण्याने धुवावे. हात टिपून घ्यावेत व थोडे ओलसर असतानाच क्रीम लावावे. रात्री झोपताना पुन्हा लावावे. ओल्या कामात हातमोजे हवेतच.

क्रीम घेताना काय पाहावे? 1993 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात अ‍ॅसिटोनने उंदरांच्या त्वचेवरील स्निग्धता काढण्यात आली. नुसते सेरामाइड लावल्यावर त्वचा उशिरा सावरली; सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ल हे तिन्ही एकत्र लावल्यावर मात्र ती नेहमीच्या गतीने सावरली. तेव्हा डबीवर तिन्हींची नावे आहेत का ते वाचावे. महाग क्रीम परवडत नसेल तर साधी पेट्रोलियम जेलीही ओलावा धरून ठेवते. वरचा थर नवा व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत निराश होऊ नये.

आहाराचाही यात वाटा आहे. त्वचेतील एका महत्त्वाच्या सेरामाइडसाठी लिनोलेइक आम्ल लागते व ते शरीर स्वतः बनवू शकत नाही. 1929 साली बर दांपत्याने उंदरांना स्निग्धताविरहित आहार दिला, तेव्हा त्यांच्या त्वचेला खपल्या धरल्या. हे आम्ल करडई, सूर्यफूल व सोयाबीनच्या तेलात, तसेच तिळात व अक्रोडात मिळते. जादा तेल खाण्याची गरज नाही. रोजच्या तेलापैकी थोडे या तेलांचे असावे. गहू व तांदळापासून काढलेल्या सेरामाइडच्या गोळ्याही विकल्या जातात. लहान चाचण्यांत त्यांचा थोडा फायदा दिसला आहे, पण आधी साबण बदलावा, गोळ्यांचा विचार नंतर.

दुकानदार बंधूंना एक विनंती. क्रीम विकताना 'खरूज जाईल, एक्झिमा बरा होईल' असे वचन देऊ नका. सिमेंट व चामड्यातील क्रोमियमची अ‍ॅलर्जी क्रीमने जात नाही. दोन आठवड्यांत भेगा भरल्या नाहीत, पाणी सुटले किंवा पू झाला, तर गिऱ्हाइकाला त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा. एक डबी कमी विकली जाईल, पण गिऱ्हाईक कायमचे तुमचे होईल.