स्वमग्न बालक व त्याचा मेंदू

हाक मारली तरी न पाहणारा, एकटाच झुलत राहणारा, विचारलेला प्रश्नच उत्तरादाखल पुन्हा म्हणणारा एखादा विद्यार्थी वर्गात आढळतो. अशा मुलास हट्टी समजून शिक्षा होते आणि दोष आईच्या माथी मारला जातो. हा समज शास्त्रास धरून नाही.

बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे कित्येक वर्षे मातेच्या मायेचा अभाव हेच स्वमग्नतेचे कारण मानले जाई. १९७७ साली सुसान फोल्स्टाइन व मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीत एक तरी भावंड स्वमग्न होते. एकरूप जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती. भिन्नरूप जुळ्यांच्या १० जोड्यांत असे एकही उदाहरण नव्हते. भिन्नरूप जुळीही एकाच आईच्या हाताखाली वाढतात. अर्थात् या भेदाचे मूळ संगोपनात नसून आनुवंशिकतेत असल्याचे दिसून आले.

मेंदूतील घडामोड समजण्यास शेतातील विरळणीचा दृष्टान्त उपयोगी पडेल. दाट उगवलेली रोपे विरळ केली म्हणजे उरलेली जोम धरतात. त्याचप्रमाणे बालपणी मेंदूतील पेशींमध्ये गरजेहून अधिक जोडण्या निर्माण होतात व वयाबरोबर त्यांची विरळणी होते. २०१४ साली कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी मृत व्यक्तींच्या मेंदूंची तपासणी केली. बाल्यापासून किशोरवयाच्या अखेरीपर्यंत इतरांच्या मेंदूतील जोडण्यांचे अंकुर सुमारे निम्म्याने घटलेले आढळले. स्वमग्नांच्या मेंदूत ही घट अवघी १६ टक्के होती. अर्थात् हे एकमेव कारण नव्हे. स्वमग्नतेशी अनेक जनुकांचा संबंध आहे व प्रत्येक बालक निराळे असते.

अशा कित्येक बालकांना घंटेचा नाद वा वर्गातील गलका असह्य होतो. म्हणून शिक्षकाने अशा मुलास शांत जागी बसवावे, एका वेळी एकच छोटी सूचना द्यावी, दिवसाचा क्रम चित्रांनी फळ्यावर मांडावा व त्यातील बदल आधी सांगावा. नजरेला नजर देण्याची सक्ती करू नये. पालकांना दोष न देता जिल्हा रुग्णालयात तपासणी करवून घेण्यास सुचवावे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश आहे. शाळेचे दार या बालकास मोकळे ठेवणे हे कर्तव्यच होय.

तात्पर्य, मूल ऐकत नाही असे ठरविण्यापूर्वी ते कसे ऐकते हे शिक्षकाने पाहावे.