जुना संगणक आणि संगीताचे सॉफ्टवेअर

प्रस्तावना

आजोबांच्या काळातील पेटीचा भाता दुरुस्त केला, तर नातवालाही ती वाजवता येते. संगणकावर संगीत रचणाऱ्यांचा अनुभव निराळा आहे. त्यांचे वाद्य म्हणजे सॉफ्टवेअर. ते झिजत नाही, तरीही काही वर्षांनी ते नव्या संगणकावर चालेनासे होते किंवा त्याची नवी आवृत्ती जुन्या संगणकावर बसत नाही. अशा वेळी सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांनी जुन्या संगणकांना पाठबळ देत राहावे काय? या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आपण प्रस्तुत पाठात पाहणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• संगीताचे सॉफ्टवेअर जुने का होते, हे सांगू शकाल;
• निर्माते आणि वापरकर्ते यांच्या बाजूंची तुलना करू शकाल;
• या प्रश्नावर आपले मत सकारण मांडू शकाल.

मूलपाठ

एका निर्णयाचे पडसाद

'फिनाले' हे पाश्चात्त्य संगीताची स्वरलिपी संगणकावर लिहिण्याचे सॉफ्टवेअर 1988 मध्ये प्रथम विक्रीस आले. संगीतकार, प्रकाशक आणि शिक्षक यांनी पस्तीस वर्षे त्यावर आपल्या रचना लिहिल्या. 26 ऑगस्ट 2024 रोजी 'मेकम्युझिक' या कंपनीने त्याचा विकास थांबवत असल्याचे जाहीर केले. त्याचबरोबर, एका वर्षानंतर नव्या संगणकावर फिनालेची नोंदणी करता येणार नाही, असेही तिने सांगितले. नोंदणी म्हणजे सॉफ्टवेअर सुरू करण्यासाठी कंपनीकडून मिळणारी परवानगी. ती थांबली असती, तर एखाद्याचा संगणक बिघडताच त्याने पैसे मोजून घेतलेले सॉफ्टवेअर निरुपयोगी ठरले असते आणि त्यात साठवलेल्या रचना उघडणेही कठीण झाले असते. वापरकर्त्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. तेव्हा कंपनीने आपला निर्णय बदलला आणि नोंदणीची सोय अनिश्चित काळापर्यंत चालू ठेवण्याचे मान्य केले. विकास मात्र थांबला तो थांबलाच.

या घटनेत दोन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. सॉफ्टवेअर सुधारत राहण्याचे बंधन निर्मात्यावर किती काळ असावे, हा पहिला प्रश्न. जे आधीच विकले आहे ते वापरता येऊ नये, अशी स्थिती त्याने निर्माण करावी काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देताना दुसऱ्याचा विसर पडता कामा नये.

निर्मात्यांची बाजू

सॉफ्टवेअर एकट्याच्या बळावर चालत नाही. त्याच्याखाली विंडोज किंवा मॅक यांसारखी कार्यप्रणाली असते आणि तिच्यात वारंवार बदल होत असतात. 'विंडोज एक्सपी' 2001 मध्ये आली आणि एप्रिल 2014 मध्ये तिचे पाठबळ संपले. 'विंडोज 10' चे नियमित मोफत पाठबळ 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबले. ज्या प्रणालीतील सुरक्षेच्या त्रुटी तिचा मूळ निर्माताच दूर करत नाही, तिच्यावर आपले सॉफ्टवेअर सुरक्षित राहील, याची हमी दुसरा कोण देणार?

शिवाय प्रत्येक जुन्या प्रणालीसाठी चाचणी घ्यावी लागते आणि संगीताच्या क्षेत्रात अनेक निर्माते म्हणजे मोजक्या माणसांचे गट असतात. त्यांचा वेळ जुने सांभाळण्यात गेला, तर नवे घडवायचे केव्हा? तांत्रिक मर्यादाही खऱ्या आहेत. 32-बिट सॉफ्टवेअरला एका वेळी फार तर 4 जीबी स्मृती हाताळता येते. खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित स्वर वापरणाऱ्या आजच्या मोठ्या स्वरसंग्रहांना ती अपुरी पडते. म्हणून 64-बिटकडे वळणे ही केवळ हौस नव्हती.

वापरकर्त्यांची बाजू

तथापि, बदलाची किंमत बहुधा वापरकर्त्यालाच मोजावी लागते. ऑक्टोबर 2019 मध्ये आलेल्या मॅकच्या 'कॅटलिना' प्रणालीने 32-बिट सॉफ्टवेअर चालवणे पूर्णपणे बंद केले. ज्यांच्या रचना जुन्या 32-बिट वाद्यांवर बेतलेल्या होत्या, त्यांच्यापुढे दोनच मार्ग उरले : प्रणाली अद्ययावत न करणे किंवा त्या नादांना मुकणे. एखाद्या वाद्याच्या निर्मात्याने व्यवसायच सोडला असेल, तर त्या वाद्याची 64-बिट आवृत्ती कोण काढणार?

चालू स्थितीतील संगणक टाकून देण्याची झळ समाजालाही लागते. संयुक्त राष्ट्रांशी संबंधित संस्थांच्या 2024 च्या अहवालानुसार, 2022 या वर्षात जगात सुमारे 6.2 कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यापैकी रीतसर गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवल्याची नोंद एक चतुर्थांशाहूनही कमी कचऱ्याची होती. बेताच्या परिस्थितीतील विद्यार्थ्याच्या हाती अनेकदा असाच जुना संगणक असतो. त्याच्या शिक्षणाचे दार केवळ यंत्राच्या वयामुळे बंद व्हावे, हे न्याय्य नाही.

समन्वयाचा मार्ग

तेव्हा प्रत्येक नवी आवृत्ती प्रत्येक जुन्या संगणकावर चालावी, हा आग्रह व्यवहार्य नाही. परंतु विकलेली वस्तू वापरण्यायोग्य ठेवणे हे निर्मात्याचे कर्तव्य मानले पाहिजे. त्यासाठी पुढील गोष्टी करता येतील :

1. पाठबळ थांबवण्याची पूर्वसूचना पुरेशी आधी द्यावी.
2. जुन्या प्रणालीवर चालणारी शेवटची आवृत्ती ग्राहकांसाठी उपलब्ध ठेवावी.
3. तिची नोंदणी चालू ठेवावी किंवा नोंदणीची अटच काढून टाकावी.
4. रचना सर्वमान्य, खुल्या स्वरूपात बाहेर काढण्याची सोय द्यावी.

यांतील चौथी गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. संगीतवाद्ये आणि संगणक यांच्यातील संवादासाठी 1983 मध्ये 'मिडी' हे मानक ठरले. 2020 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती स्वीकारतानाही जुन्या साधनांशी मेळ राखला गेला. स्वरलिपीसाठी 'म्युझिकएक्सएमएल' हे खुले स्वरूप 2004 पासून आहे. फिनालेतील रचना या स्वरूपात काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येतात. मांडणीचे काही तपशील वाटेत हरवतात, पण स्वर आणि लय टिकून राहतात.

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत 'क्रमिक पुस्तक मालिका' मराठीत सिद्ध केली. तिच्यात त्यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीसह नोंदवल्या. आजही ते पुस्तक उघडायला कोणाची परवानगी लागत नाही. स्वरलिपीची खूण कळली की झाले. संगणकावरील रचनेलाही हेच भाग्य लाभावे, एवढीच रास्त अपेक्षा आहे. साधन कालबाह्य झाले तरी त्यातून निर्माण झालेली कला बंदिस्त होऊ नये, याची जबाबदारी साधन घडवणाऱ्याने टाळता कामा नये.

आपण काय शिकलो

• कार्यप्रणालीतील बदल, सुरक्षा आणि मर्यादित मनुष्यबळ यांमुळे जुन्या संगणकांना कायम पाठबळ देणे निर्मात्यांना कठीण जाते.
• पाठबळ अचानक थांबल्यास वापरकर्त्याचे पैसे, श्रम आणि रचना धोक्यात येतात.
• नवे देणे निर्मात्याच्या इच्छेवर असले, तरी दिलेले हिरावून न घेणे हे त्याचे कर्तव्य आहे.

स्वाध्याय

1. फिनालेच्या नोंदणीबाबतचा निर्णय कंपनीने का बदलला?
2. '64-बिटकडे वळणे ही केवळ हौस नव्हती' हे विधान स्पष्ट करा.
3. लेखकाने भातखंडे यांच्या ग्रंथाचा दाखला कशासाठी दिला आहे?
4. समन्वयाच्या चार उपायांपैकी तुम्हांला सर्वांत आवश्यक वाटणारा उपाय कोणता? सकारण लिहा.