मावशींना सांगून लावा

लेक आठ महिन्यांची झाली, माझी रजा संपली, सासूबाईंचे गुडघे आधीच दुखत होते. ब्यूरोतून मावशी आल्या. कामाला चोख, तोंडाने मऊ. पण तान्हं मूल परक्या हाती सोपवून ऑफिसात बसलेल्या आईच्या डोक्यात नाही नाही ते येतंच. त्यात कुणीतरी खारघरची बातमी पुन्हा पाठवली. २०१६ साली तिथल्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण सीसीटीव्हीमुळेच उघडकीला आली होती. त्याच आठवड्यात नवऱ्याने टेबलावरचं घड्याळ आणलं, आत कॅमेरा असलेलं.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा बाजूला ठेवून तेच बघत बसायची. मावशी पेज भरवत, दुपारी मोबाईलवर मालिका लावत, लेक झोपली की स्वतःही कलंडत. घरी फोन लावून मुलाच्या फीचं, नणंदेच्या कटकटीचं बोलत; तेही मला ऐकू येई. तक्रार करावी असं काही नव्हतं. मात्र मावशी लांबून बसने येत आणि आल्याआल्या बाळाच्या खोलीत दार लोटून साडी बदलून गाऊन घालत. घड्याळ त्याच खोलीत होतं. आम्ही दोघंही तेव्हा घरातून निघण्याच्या गडबडीत, रेकॉर्डिंग आपलं चालूच.

धूळ पुसताना मावशींना घड्याळामागची मेमरी कार्डाची खाच दिसली. संध्याकाळी घड्याळ माझ्यासमोर ठेवून त्या म्हणाल्या, "ताई, मी रोज त्या खोलीत कपडे बदलते." पगाराचं नावही न काढता पिशवी उचलून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा दारात. पोलिसांत जाईन म्हणाला, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. माझा मावसभाऊ वकील आहे. त्याने सांगितलं तेव्हा नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार बाईला खासगी क्षणी चोरून बघणं किंवा टिपणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरलं तरी किमान एक आणि कमाल ३ वर्षं कैद, वर दंड. आमचा तसा हेतू नव्हता, हे पटवून द्यायला आधी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या. आम्ही मावशींच्या घरी गेलो, माफी मागितली, कार्ड त्यांच्याच हवाली केलं, पगार दिला. त्यांनी तक्रार केली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

आता ओळखीतल्या नव्या आया मला विचारतात, कॅमेरा लावू का? जरूर लावा. दिसेल असा लावा आणि कामाच्या पहिल्या दिवसाआधी सांगा. कुठे आहे, कोण बघतं, किती दिवस साठतं, सगळं. दोन ओळी लिहून सही घेतलीत तर उत्तम. कपडे बदलायला कॅमेरा नसलेली खोली द्या, तिला आतून कडी हवी. माईक बंदच ठेवा. बाईच्या घरच्या भानगडी ऐकून बाळाचं काही भलं होत नाही. कॅमेऱ्याबरोबर आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला, नाहीतर तुमच्या बाळाची खोली भलताच कुणी बघत बसेल.

"घर माझं, मी काहीही करीन" म्हणणारे भेटतात. घरातल्या कॅमेऱ्यासाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातून निव्वळ घरगुती वापर वगळलेला आहे, हे खरं. म्हणून रान मोकळं होत नाही. कलम ७७ घरातही लागू होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई आहेच: संमतीशिवाय कुणाच्या गुप्तांगांचं चित्रण केलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सांगून टाकलंय. मावशी त्यातून वगळलेल्या नाहीत.

आणि खरंच काही वाईट दिसलं तर? आधी बाळाला डॉक्टरकडे न्या, कागद सांभाळून ठेवा. कार्ड लगेच काढून घ्या, कारण ते भरलं की जुन्यावर नवं चढतं. कॅमेरा आणि कार्ड दोन्ही जसंच्या तसं ठेवा, काटछाट करू नका. नुसती मोबाईलवर उतरवलेली नक्कल कोर्टात टिकत नाही, सोबत प्रमाणपत्र लागतं; जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बजावलं, आणि आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही तशी तरतूद आहे. सांभाळणाऱ्यानेच मुलाला मारहाण केली तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तेवढी ती क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर मात्र टाकू नका. पीडित मुलाची ओळख उघड करणं हा त्याच कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, आणि त्यातून आईबापही सुटत नाहीत. पोलिसांकडे जा, किंवा १०९८ लावा. हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत.