दाटीतील रसायन : सिकलसेल रुग्णास पाणी का हवे?

वार्षिक अहवाल म्हणजे केवळ जमाखर्चाची पत्रके नव्हेत. वर्षभरात रुग्णालय काय शिकले, तेही हितचिंतकांपुढे ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो. यंदाचा धडा आम्हांस एका सिकलसेलग्रस्त मुलाच्या मातेने दिला. "साहेब, डॉक्टर दरवेळी पाणी पाज म्हणतात. पाणी तर घरीही आहे. त्यासाठी इतक्या लांब यायचं कशाला?" असे तिने विचारले. तिच्या मुलास शाळेत तास चालू असताना पाणी पिण्यास सोडत नसत. उन्हाळ्यात तीव्र वेदनांमुळे तो दोनदा दाखल झाला होता. आम्ही प्रशासनातील माणसे. म्हणून डॉक्टरांकडून या प्रश्नाचे उत्तर समजून घेतले व ते येथे मांडीत आहोत.

परीक्षानळीतील द्रावात रेणू विरळ असतात. जिवंत पेशीत मात्र त्यांची दाटी असते. ई. कोलाय या जिवाणूच्या पेशीद्रवात दर लिटरमागे प्रथिने व आरएनए मिळून सुमारे ३०० ते ३४० ग्रॅम असतात. या दाटीचे परिणाम आमच्या वॉर्डाच्या उदाहरणाने सहज कळतात. खाटांनी भरलेल्या वॉर्डात लहान मूल फटीफटीतून जाते, पण स्ट्रेचर अडते. म्हणजेच मोकळी जागा किती, हे जाणाऱ्याच्या आकारावर ठरते. शिवाय दोन खाटा एकमेकींस लावल्या की इतरांना जागा मोकळी होते. रेणूंचेही तसेच आहे. दाटीत मोठ्या रेणूंची हालचाल मंदावते. मात्र एकमेकांना चिकटून राहणे त्यांना सोयीचे ठरते. त्यामुळे दाटी काही अभिक्रियांना वेग देते, तर काहींना रोखते.

प्रयोगांनी हे सिद्ध झाले आहे. डीएनएची सपाट टोके एरवी जोडू न शकणारी काही विकरे पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारख्या पदार्थाने दाटी केल्यावर ती जोडू लागतात, असे १९८३ साली झिमरमन व फायफर यांनी दाखविले. २००४ साली न्वारो व लिबशाबर यांनी मेदावरणाच्या सूक्ष्म फुग्यांत जिवाणूंचा अर्क भरून कृत्रिम पेशी बनविल्या आणि त्यांत कित्येक दिवस प्रथिननिर्मिती चालू ठेवली. २०१३ साली अशाच कृत्रिम रचनांत डेक्स्ट्रान मिसळून दाटी वाढविली असता, बाह्य परिस्थिती बदलली तरी जनुकांचे कार्य अधिक स्थिर राहते, असे आढळले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तांबड्या पेशीत दर १०० मिलिलिटरमागे सुमारे ३४ ग्रॅम हिमोग्लोबिन असते. पेशीची जवळजवळ चौथाई जागा तेच व्यापते. सिकलसेल हा 'रेणूचा आजार' असल्याचे लायनस पाउलिंग व सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखविले. पुढे इन्ग्रॅम यांनी नेमका दोष शोधला : बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन. या एका बदलामुळे प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांस चिकटून लांब तंतू बनतात व पेशी विळ्यासारखी वाकते.

परंतु तंतू तत्काळ बनत नाहीत. सुरुवातीस काही काळ विलंब होतो. तेवढ्या अवधीत बहुतेक पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून पार होऊन फुप्फुसांत परततात व तेथे प्राणवायू मिळून बचावतात. हा विलंबकाळ हिमोग्लोबिनच्या दाटीवर विलक्षण अवलंबून असतो : दाटी वाढली की तो तिच्या सुमारे १५ ते ३० व्या घाताच्या प्रमाणात घटतो. हिशेब सोपा आहे. पेशीतील पाणी घटून दाटी केवळ ५ टक्क्यांनी वाढली, तरी विलंबकाळ निम्म्यावर, किंबहुना चौथाईवरही येतो. पेशी वाटेतच वाकते, रक्तवाहिनी तुंबते आणि वेदनेचा झटका येतो. ऊन, ताप, जुलाब व तहान ही म्हणूनच या रुग्णांची शत्रू होत.

अर्थात पाणी हे औषधाला पर्याय नव्हे. हायड्रॉक्सियुरियामुळे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते. ते तंतूंत सामील होत नसल्याने घातक दाटीच कमी करते. औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्यावे. ताप, छातीत दुखणे वा धाप लागणे अशी लक्षणे दिसताच घरी न थांबता रुग्णालय गाठावे.

विदर्भ व नंदुरबारसारख्या भागांत हा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास आरंभ झाला. तपासणी शासन करील, औषध रुग्णालय देईल. परंतु वर्गातील मुलास पाण्याची बाटली बाकावर ठेवू देणे शिक्षकांच्याच हाती आहे. त्या मातेस आम्ही डॉक्टरांच्या सहीचे पत्र शाळेसाठी दिले. असे पत्र येथील प्रत्येक सिकलसेलग्रस्त विद्यार्थ्यास मिळेल. परिसरातील शिक्षकांनी त्याचा मान राखावा, ही नम्र विनंती.