अजून एक ऊन

माय, परवा फोनवर तू विचारलंस, "आजोबा, माघ महिन्यात गारा पडतात का कुठं?" तुझ्या चादरी भिजल्या होत्या, गच्चीवरच्या दोन कुंड्या फुटल्या होत्या आणि बँकेतून घरी येताना वसाहतीच्या वळणावर स्कूटी आडवी झाली होती. तुला बदलीवर हिंगोलीत येऊन चारच महिने झालेत. इथला उन्हाळा कसा असतो ते तुला दहा जणांनी सांगितलं असेल. हिवाळा कसा जातो ते कुणी सांगितलं नाही. चप्पल पायात घालूनही अर्धा तास दारात बोलत उभा राहणारा पाहुणा असतो ना, तसा तो जातो.

मी चाळीस वर्षं मार्केट यार्डात आडतीवर मुनीम होतो. हात वहीवर आणि डोळा आभाळावर. त्या चाळीस वर्षांतून एकच ओळ उरली आहे, ती पदराला बांधून ठेव: माघ-फाल्गुनात सकाळ आपली, दुपार कलली की आभाळाची. बाकी सगळं याच ओळीतून निघतं.

आधी आभाळ ओळखायला शीक

या दिवसांत उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात सरकत असतात, त्यांच्यामागं कोरडी, गार हवा येते. बंगालच्या उपसागराकडून बाष्प घेऊन दुसरे वारे येतात. दोघांची गाठ आपल्या डोक्यावर पडते. सकाळभर जमीन तापते, तापलेली हवा वर चढते, वर हवा थंडगार असते, आणि दुपारी तीनच्या पुढं ढगांचे डोंगर उभे राहतात. म्हणून या दिवसांतलं वावधान बहुतेक दुपारनंतरच येतं.

खुणा साध्या आहेत. सकाळी अंगाला दमट, चिकट हवा लागली तर सावध. दुपारी वारा अचानक पडला, पान हलेना झालं, तर जास्त सावध. आणि त्या उकाड्यात एकाएकी गार वाऱ्याची झुळूक आली, तर खूश होऊ नकोस. ती पुढच्या पावसातूनच खाली आलेली हवा असते. त्या झुळकीनंतर हातात पाच-दहा मिनिटं असतात, तेवढ्यात छताखाली ये.

हवामान खात्याचा यलो, ऑरेंज इशारा सकाळी चहाबरोबर बघत जा. परभणीच्या कृषी विद्यापीठाची पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. ती शेतकऱ्यांसाठी असली तरी वाळवण घालणाऱ्या बाईलाही तितकीच कामाची.

कपडे, पत्रे आणि टाकीचं झाकण

कपडे सकाळी सातला वाळत घाल, एकला काढ. थोडे ओलसर राहिले तरी काढ. "अजून एक तास ऊन लागू दे" या हव्यासानं या मोसमात सगळ्यांचं नुकसान केलंय, तुझ्या चादरींचं तर काहीच नाही.

२०१४ चा फेब्रुवारी संपता संपता मराठवाड्यात गारपीट सुरू झाली आणि मार्चच्या मध्यापर्यंत थांबून थांबून पडत राहिली. आपल्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची हळद शिजवून खळ्यावर पसरली होती. ओली हळद चार-पाच क्विंटल शिजवावी तेव्हा वाळून जेमतेम एक क्विंटल हाती येते, आणि ती वाळायला पंधरा-पंधरा दिवस उन्हात पडून राहते. चौदावा दिवस होता. ताडपत्री बाजूला घडी करून ठेवलेली होती. मी म्हणालो, "झाका, आभाळ आलंय." तो म्हणाला, "मुनीमजी, अजून एक ऊन लागू द्या, मग पोत्यात भरतो." तासाभरात खळ्यावर बोराएवढ्या गारांचा थर होता आणि गारा वितळल्यावर पिवळं पाणी वाहत होतं. नंतर ती हळद यार्डात आली, बिटात उभी राहिली. कुणी शिव्या दिल्या नाहीत, फक्त कांडी मोडून बघितली आणि भाव खाली सांगितला. त्या दिवसापासून "अजून एक ऊन" हे शब्द ऐकले की माझा हात ताडपत्रीकडं जातो.

तुझ्या गच्चीवरही हेच. टाकीचं झाकण तारेनं बांध, वाऱ्यानं पहिल्यांदा तेच उडतं. जिन्यावर पत्रा असेल तर त्यावर दगड ठेवलेत का बघ. दगड ठेवून पत्रा थांबत नाही, पत्र्याबरोबर दगडही खाली येतो. घरमालकाला सांगून हूक मारून घे. कुंड्या भिंतीच्या आत, जमिनीवर. आणि गच्चीचं पाणी जायचं तोंड पालापाचोळ्यानं बुजलंय का, तेही या महिन्यातच बघायचं असतं. जूनपर्यंत थांबलीस तर फेब्रुवारीतच खोलीत ओल उतरेल.

रस्ता: पहिली दहा मिनिटं

१ मे १९९९ ला परभणीतून निघून हिंगोली जिल्हा झाला, तेव्हापासून गाव चारी दिशांनी वाढलं. आज जिथं तुझी वसाहत आहे तिथं माझ्या आठवणीत ज्वारी होती. जमीन तीच काळी आहे, माय. हळदीचे, हरभऱ्याचे ट्रॅक्टर शेतातून येताना टायरांतून ती माती डांबरावर आणतात. कोरडी असते तोवर धुरळा. पहिली सर आली की साबण. चांगला जोराचा पाऊस झाला तर ती धुऊन जाते. घसरायला होतं ते पहिल्या दहा मिनिटांतच. म्हणून सर आली की निघू नकोस. चहाच्या टपरीवर थांब, अर्धा कप जास्त पी.

छत्री या वाऱ्यात उलटी होते, ती नकोच. डिकीत रेनकोट ठेव आणि मोबाईलसाठी एक प्लास्टिकची पिशवी. हेल्मेट पोलिसासाठी असतं असं तुला वाटतं, पण बोराएवढी गार डोक्यात बसली की ते कशासाठी असतं ते कळतं. गारांत सापडलीस तर पक्क्या स्लॅबखाली जा. जुन्या निंबाखाली नाही, मोठ्या फलकाखाली नाही, डुगडुगत्या शेडखाली नाही. गाडीही तिथं लावायची नाही. शेजाऱ्यांची चारचाकी उघड्यावर असते, त्यांना सांग, ढग दिसले की काचेवर जुनी गोधडी टाकून दोरीनं बांधा.

नांदेड किंवा अकोल्याकडं जायचं असेल तर सकाळची एसटी किंवा गाडी पकड. संध्याकाळी वादळात झाड आडवं झालं की तासभर उशीर होतो.

वीज: मोजायला शीक

वीज चमकली की आकडे मोज. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तिसाच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच आत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच राहा. लोक पाऊस थांबला की बाहेर येतात, गडगडाट थांबायची वाट बघत नाहीत. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप मोबाईलवर घे, वीस-चाळीस किलोमीटरच्या टापूत वीज पडण्याचा धोका असला तर ते कळवतं.

घरात टीव्हीचा, फ्रिजचा, इंटरनेटच्या डब्याचा प्लग काढ. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. तेही ढग लांब असतानाच, डोक्यावर आल्यावर वायरींना हात लावायचा नाही. गच्चीवर गारा वेचायला जायचं नाही, खिडकीतून बघ. दुपारी दोनला टाकी भरून घे, मोबाईल चार्ज करून घे, कारण वीज गेली की ती कधी येईल ते आभाळ ठरवतं. तार तुटून पडलेली दिसली तर जवळ जाऊ नकोस, १९१२ ला कळव. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेव: ज्याच्यावर वीज पडली त्याच्या अंगात करंट राहत नाही. लोक हात लावायला भितात आणि त्यात माणूस जातो. वीज चमकतच असेल तर आधी त्याला आडोशाला घ्यायचं, श्वास बघायचा, १०८ लावायचं आणि श्वास नसेल तर छाती दाबायला सुरू करायचं.

अंग आणि पोट

पहाटे गोधडी सोडवत नाही आणि दुपारी पंखा लागतो, असे हे दिवस. होळी जळाली, थंडी पळाली असं आपण म्हणतो, म्हणून होळीच्या आधी गोधड्या गाठोड्यात बांधायच्या नाहीत. स्वेटर पिशवीत राहू दे. घामाच्या अंगानं गारव्यात बसू नकोस. रात्री दूध-हळद घे, पण ताप दोन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर माझ्या हळदीवर विसंबू नकोस, डॉक्टरकडं जा. पाऊस पडून गेल्यावर कूलर, फुटक्या कुंड्या, टायर यांत साचलेलं पाणी ओतून दे, आणि नळाला गढूळ पाणी आलं तर उकळूनच पी.

गारपिटीनंतर चार-आठ दिवस कोथिंबीर, पालक, मेथी घेऊच नकोस. महाग असते, आणि आतून सडकी निघते. तेवढ्यासाठी तर आजीनं तुला येसर करून दिलाय. येसराची आमटी, भाकर, शेंगदाण्याची चटणी, एवढ्यात वीज नसलेली रात्र सुखानं निघते.

वर्षाची हळद मार्चनंतर घे, नवी येते तेव्हा. दुकानदार पूड दाखवेल, तू कांडी माग. हातानं मोडून बघ. चांगली वाळलेली कांडी टणकन मोडते, फरशीवर टाकली तर खणखणते आणि आत नारंगी-पिवळी दिसते. वाकली, चिवट लागली, तर तिला पाणी लागलंय, डब्यात बुरशी येईल. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण मानांकन नावाला असतं, ओल कांडीला असते.

सुट्टीचा दिवस घरात बसून घालवू नकोस

वातावरण खराब म्हणून अख्खा रविवार घालवणं हेही चुकीचंच. सकाळ आपली आहे ना? ती वापर. सहाला उठून जलेश्वरच्या तळ्यावर एक फेरी मार, धुकं असेल तर पलीकडचा काठ दिसणार नाही. सातला निघालीस तर औंढा नागनाथ पंचवीस-एक किलोमीटर. महाशिवरात्रीची गर्दी टाळून जा. गाभारा खाली भुयारात आहे, वाकून उतरावं लागतं. दगड ओला असतो आणि ओल्या दगडावर मोजे घातलेला पाय सरकतो, मोजे काढून उतर. वर आलीस की बाहेरच्या भिंतीवरचं दगडी काम सकाळच्या तिरप्या उन्हात बघ, बाराच्या उन्हात ते सपाट दिसतं. नंदी कुठं बसलाय तेही बघ आणि नामदेवांसाठी देऊळ फिरल्याची गोष्ट तिथल्याच कुणा म्हाताऱ्याकडून ऐक, माझ्यापेक्षा चांगली सांगतात. दुसऱ्या रविवारी नर्सीला जा, नामदेवांच्या गावी. परतीला एक वाजायच्या आत घरात.

शेतात हुरडा खायला कुणी बोलावलं तर जरूर जा, पण सकाळी. आगटीभोवती बसून कणसं भाजेपर्यंत आभाळ आलं तर झाडाखाली पळू नका, गाडीत बसा. नांदेडला काम निघालं तर वारंगा फाट्यावर थांबून खिचडी खा. पाऊस असला तर जास्तच चांगली लागते, एवढा एक फायदा आभाळाला द्यायला माझी हरकत नाही.

गावाकडं एक फोन

शहरात आपल्या चादरी भिजतात तेव्हा गावात कुणाचा तरी गहू आडवा झालेला असतो. तुझ्याकडं भांड्याला येणाऱ्या मावशींचं शेत आहे, त्यांचं घर पत्र्याचं आहे. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत तर पगार कापू नकोस, आधी फोन कर. त्यांना सांग, पडलेलं पीक आवरायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, तलाठ्याला कळवा, पंचनाम्यात नाव आलंय की नाही ते स्वतः जाऊन बघा. सरकारी मदतीसाठी पिकाचं तेहतीस टक्के किंवा जास्त नुकसान कागदावर यावं लागतं. तू बँकेत आहेस, आधार खात्याला जोडलेलं आहे का एवढं बघून दिलंस तरी त्यांचे दोन हेलपाटे वाचतील.

आता शेवटचं. एवढं सगळं ज्ञान मी चाळीस वर्षं जमवलं, पण तुझ्या आजीपुढं त्याचं काही चालत नाही. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजवावा लागतो, रोज पाणी बदलावं लागतं. एकदा भिजत घातला की आभाळ येवो न येवो, चौथ्या दिवशी चीक शिजवून कुरडया घालाव्याच लागतात. मी म्हणत होतो, होळी होऊ दे. तिनं काल रात्रीच गहू भिजत घातलाय. "आभाळाला विचारून संसार होत नसतो," म्हणाली.

म्हणजे रविवार ठरला. पहाटे पाचला चूल पेटेल. तू सहाला ये, सोऱ्या फिरवायला तुझे हात लागतील. गच्चीवर धुतलेलं धोतर अंथरून ठेवतो, शेजारी ताडपत्री. एक वाजला की मी ती उलगडणार, आणि आजी ओरडणार, "अहो, अजून एक ऊन लागू द्या!" तेव्हा माय, तू माझ्या बाजूनं उभी राहा.