यकृतपेशीतील वीज आणि काविळीचा विषाणू

यकृत हा मानवी शरीरातील सर्वांत मोठा आंतरिक अवयव होय. प्रौढ व्यक्तीत त्याचे वजन सुमारे दीड किलोग्रॅम भरते. अन्नरसावर प्रक्रिया करणे, विषारी द्रव्ये निकामी करणे, पित्तरस तयार करणे ही कामे तो अहोरात्र करीत असतो. मात्र यकृताच्या प्रत्येक पेशीत अल्पशी वीज वावरत असते आणि यांपैकी काही कामे तिच्याच बळावर चालतात, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही.

पेशीतील पंप

क्षार पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युतभारित कण होतात. त्यांना आयन म्हणतात. रक्तात सोडियमचे आयन विपुल, तर पेशीच्या आत पोटॅशियमचे आयन विपुल असतात. ही विषमता आपोआप टिकत नाही. पेशीच्या पटलातील एक प्रथिन पंपाप्रमाणे काम करते. प्रत्येक फेरीत ते सोडियमचे ३ आयन बाहेर टाकते आणि पोटॅशियमचे २ आयन आत घेते. या कामी पेशीची बरीच ऊर्जा खर्च होते. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवरील प्रयोगांतून हा पंप उजेडात आणला. १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

आयनांच्या या विषम वाटणीमुळे पेशीची आतील बाजू ऋणभारित राहते. यकृतपेशीत हा विद्युतदाब सुमारे ३० ते ४० मिलिव्होल्ट असतो. विजेरीच्या एका सेलचा दाब १,५०० मिलिव्होल्ट असतो, हे लक्षात घेतले म्हणजे तो किती अल्प आहे याची कल्पना येईल.

पित्तक्षारांचे दार

धरणात अडविलेले पाणी खाली येताना चक्र फिरविते. त्याचप्रमाणे बाहेर अडविलेले सोडियम आत शिरताना दुसरे काम करून घेते. पित्तरसातील क्षार आतड्यात स्निग्ध पदार्थांच्या पचनास साहाय्य करतात. त्यांपैकी सुमारे ९५ टक्के पुन्हा शोषले जाऊन रक्तावाटे यकृताकडे परततात. तेथे ‘एनटीसीपी’ नावाचे प्रथिन सोडियमच्या २ आयनांसोबत पित्तक्षाराचा एक कण पेशीत ओढून घेते. शरीराची ही मोठीच काटकसर होय.

दुर्दैवाने याच दाराचा उपयोग शत्रूही करतो. ‘ब’ प्रकारच्या काविळीचा, म्हणजेच हिपॅटायटिस बीचा विषाणू याच प्रथिनाला चिकटून पेशीत शिरतो, असे बीजिंग येथील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले. हे प्रथिन मुख्यत्वे यकृतपेशींवरच आढळते. हा विषाणू यकृतातच ठाण मांडून का बसतो, याचा उलगडा त्यामुळे झाला.

पहिले चोवीस तास

हे दार कायमचे बंद करता येत नाही, परंतु विषाणूला तेथवर पोहोचू न देणे शक्य आहे. बाधित मातेकडून जन्माच्या वेळी लागण झालेल्या अर्भकांपैकी सुमारे ९० टक्के बालकांत हा रोग दीर्घकाळ ठाण मांडतो. प्रौढांत हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. पुढे अशा व्यक्तींना यकृताचा काठिण्यरोग अथवा कर्करोग होण्याचा धोका असतो. म्हणूनच राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात लसीची पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत आणि पुढील मात्रा ६, १० व १४ आठवड्यांनी पंचगुणी लसीतून दिली जाते. घरी झालेल्या बाळंतपणाची वार्ता आरोग्य केंद्रास त्याच दिवशी पोहोचविणे, हे ग्रामपंचायत सदस्याच्या हातून सहज होण्यासारखे काम आहे.

हा विषाणू रक्त, निर्जंतुक न केलेल्या सुया आणि लैंगिक संबंध यांवाटेही पसरतो. एकत्र जेवल्याने अथवा एका बाकावर बसल्याने तो पसरत नाही. तेव्हा बाधित मुलाला वर्गात वेगळे बसविण्याचे काहीच कारण नाही. शिक्षकांनी ही गोष्ट पालकांना समजावून सांगितली, तर रोगाबरोबर येणारे अकारण दुःख तरी टळेल.